पश्चिमेची खिडकी

सुगरणीचे घरटे ज्याने पाहिले नाही, असा खेड्यातला मुलगा विरळाच. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा ताडाच्या पानांना लोंबणारी ती गवताची विणलेली घरटी वाऱ्यावर झुलताना पाहून कोणाही माणसाला नवल वाटते. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी राहून या पाखरांच्या संसाराचा बारकाईने अभ्यास केला. नर घरटे विणावयास घेतो. ते अर्धेमुर्धे झाले, की मादी येते. आत शिरून ते पारखते आणि पसंत पडले तरच तेथे राहते. नापसंत पडले, तर नराचे सारे कष्ट वाया जातात. या पाखरांची आणखी एक सवय अभ्यासकांच्या ध्यानात आली आहे. घरट्यासाठी नर बहुधा झाडाची पूर्वेकडील बाजू निवडतो. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा झाडाच्या माथ्याने अडवला जातो आणि आडोशातली पिल्ले सुखरूप राहतात.

पाखराला हे शहाणपण जन्मतःच मिळते. माणसाला मात्र ते शिकावे लागते. आणि एका पिढीने शिकलेले पुढच्या पिढीने विसरावे, असेही पुष्कळदा घडते.

किहीमच्या उत्तरेस धरमतरची खाडी ओलांडली, की उरण लागते. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस मुंबई बंदराचे पाणी, दक्षिणेस ही खाडी आणि मधोमध द्रोणागिरीचा डोंगर, असे या भूमीचे रूप आहे. डोंगराच्या पायथ्याशी वस्ती, सखल भागात भाताची खाचरे, त्यापलीकडे मिठागरे आणि भरतीचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर तिवरांची दाट खाजणे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये माणसाच्या वाट्याला आलेली ही जागा चिंचोळी आहे. तिच्यावर घर बांधणाऱ्याला दोघांचाही विचार घ्यावा लागतो.

येथील मिठागरांत राबणाऱ्या लोकांना ऊन, वारा आणि पाऊस यांची पारख असणे स्वाभाविकच होते. आगरात राबणारे ते आगरी, असे त्या नावाचे मूळ सांगतात. भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे आणि ऊन-वाऱ्याच्या हवाली करायचे, एवढाच तो उद्योग वरवर दिसतो. परंतु ऊन कोणत्या महिन्यात किती तापते, वारा कोणत्या घटकेला वळतो, अवकाळी ढग कोणत्या दिशेने चढतात, हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती मिठाऐवजी पाणीच उरते. एक मोठी सर आली, तरी अनेक दिवसांची मेहनत विरघळून जाते. घर बांधणाऱ्याचीही गाठ याच तिघांशी पडते: ऊन, वारा आणि पाऊस.

उरणच्या बाबतीत या तिघांनी मोठी गंमत केली आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून गार वारा धावतो. हाच खारा वारा. तो येतो पश्चिमेकडून. उन्हाळ्यातल्या घामट दुपारी त्याच्यासारखा सखा नाही. पण दुपार कलली, की सूर्यही पश्चिमेसच असतो. आणि त्याचे तिरपे, तापलेले किरण कोणत्याही छपराला न जुमानता थेट घरात घुसतात. आषाढात धो धो कोसळणारा पाऊसही त्याच अंगाने, वाऱ्यावर स्वार होऊन, आडवा येतो. सुख देणारा वारा, पोळणारे ऊन आणि झोडपणारा पाऊस हे तिघेही जवळजवळ एकाच दिशेने येतात. पश्चिमेस खिडकी ठेवावी, तर घर तापते आणि भिजते. न ठेवावी, तर गुदमरते. उरणच्या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याला प्रथम हे कोडे सोडवावे लागते.

जुन्या घरांनी त्याचे उत्तर आपल्या परीने शोधले होते. काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर विटांच्या किंवा कारवीच्या कुडाला माती लिंपून केलेल्या भिंती आणि वर कौलारू, उतरते छप्पर. पूर्वी कुंभाराच्या चाकावरची नळीची कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर मंगळुरी कौले किनाऱ्या-किनाऱ्याने सर्वत्र पसरली. कौल कोणतेही असो, छप्पर भिंतीपाशी थांबत नसे. ते भिंतीच्या पुढे येऊन पडवीला आपल्या पंखाखाली घेई. पावसाच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडत आणि दुपारचे ऊन पडवीतच अडखळे. पडवीच्या पुढे माडांची वाडी असे. माड हा या कोड्यातला फार उपयोगी गडी. त्याचे खोड उंच आणि मोकळे, म्हणून वारा खालून बिनअडथळा घरापर्यंत येतो. त्याच्या झावळ्या वर पसरलेल्या, म्हणून ऊन चाळून खाली उतरते. पावसाळ्याच्या तोंडावर विणलेल्या झावळ्यांचे झाप पश्चिमेच्या बाजूस बांधले जात आणि पाऊस सरला, की ते सोडले जात. ऋतू बदलला, की माणूस कपडे बदलतो, तसे हे घरही आपला पेहराव बदलत असे.

मात्र जुन्या घराची थोरवी सांगताना त्याचे उणे झाकून ठेवणे बरे नव्हे. ओटीवर जेवढा उजेड असे, तेवढा माजघरात नसे. आणि स्वयंपाकघरात तर त्याहूनही कमी असे. ओटीवर पाहुणे बसत, गडीमाणसे बसत, हिशेब होत, गप्पा रंगत. आत मात्र चुलीच्या धुरात डोळे पुशीत घरची आई, आजी आणि सुना दिवसाचा बहुतेक वेळ काढीत. धुराने काळवंडलेले वासे आणि दिवसासुद्धा मिणमिणणारी चिमणी हे दृश्य अनेक घरांत नेहमीचे होते. घरातला चांगला उजेड बाहेरच्यांसाठी आणि अंधार घरच्यांसाठी, अशी ही वाटणी होती. कोठे कोठे एखादा जाणता गवंडी छपरात एक काचेचे कौल बसवी. त्यातून उतरलेला कवडसा सारवलेल्या जमिनीवर दिवसभर सरकत जाई आणि घरातली मुले त्यावरून वेळ सांगत. एका कौलाएवढ्या उजेडानेही त्या खोलीचे रूप पालटे. मग सारे घरच उजेडाचे का असू नये, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे.

या प्रश्नाचे फार जुने उत्तर उरण तालुक्यातच, समुद्राने वेढलेल्या एका बेटावर आहे. घारापुरीची लेणी सुमारे सहाव्या शतकात काळ्या पाषाणात कोरली गेली. १९८७ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेथील मुख्य लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर सुमारे ६ मीटर उंचीची त्रिमुखी महेशमूर्ती आहे. डोंगराच्या पोटात कोरलेली ही मूर्ती काळोखात हरवून जायची. पण तसे होत नाही. कारागिरांनी लेण्याला एकच तोंड ठेवले नाही. उत्तरेकडे मोठे प्रवेशद्वार ठेवले आणि पूर्वेस व पश्चिमेस मोकळी अंगणे खोदली. तीन बाजूंनी येणारा उजेड खांबांच्या रांगांवरून परततो, मऊ होतो आणि मग मूर्तीच्या मुखांवर पोहोचतो. सकाळी तो पूर्वेचा असतो, सायंकाळी पश्चिमेचा. आणि त्याबरोबर त्या दगडी मुखांवरचे भावही पालटल्यासारखे वाटतात. एका बाजूचा उजेड डोळ्यांवर येतो आणि मागे काळोख सोडतो. अनेक बाजूंचा उजेड खोली भरून टाकतो. प्रखर ऊन आत न घेताही भरपूर प्रकाश घेता येतो, हे ज्यांना साधले, त्यांच्याजवळ ना काच होती ना लोखंड.

याच बेटावरील गावांत समुद्राखालून तार टाकून वीज पोहोचली ती २०१८ साली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनित्रावर दिवे लागत, तेवढेच. अशा ठिकाणी अभ्यास करणाऱ्या मुलाला खिडकीचे मोल कोणी सांगावे लागत नाही. खिडकीतला उजेड हाच त्याचा दिवा असतो.

आता समजा, द्रोणागिरीच्या पायथ्याशी एका कुटुंबाने नवे घर बांधण्याचे ठरवले आहे. घरात आजी आहे, आईवडील आहेत आणि दोन मुले आहेत. कागद-पेन्सिल घेऊन खोल्यांचे चौकोन आखायला बसावे, असे प्रथम वाटते. पण पहिला आराखडा जागेवर आधीच काढलेला असतो. तो वाचता आला पाहिजे. शक्य असेल, तर एक पावसाळा ती जागा नुसती पाहण्यात घालवावी. डोंगरावरून उतरणारे पाणी कोणत्या वाटेने जाते? ते कोठे साचते आणि किती दिवसांत ओसरते? या किनाऱ्यावर वर्षाकाठी साधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. अशा ठिकाणी पाण्याची वाट अडवून घर बांधले, तर एखाद्या रात्री पाणी आपली वाट विचारीत घरात येतेच. झाडे कोणत्या बाजूस कलली आहेत ते पाहिले, म्हणजे जोराचा वारा कोठून येतो ते कळते. जमीन मूळची आहे की भराव घातलेली आहे, वारूळ कोठे उठले आहे, विहिरीचे पाणी किती खाली आहे, हे सारे जमीन सांगते. विचारणारा मात्र हवा.

मग यावी सूर्याची पाळी. हे काम मुलांवर सोपवावे. अंगणात एक सरळ काठी रोवून दर पंधरा दिवसांनी भर मध्यान्ही तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करावी. उरण उत्तर अक्षांश १९ अंशांच्या थोडे अलीकडे आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्यास सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. जूनमध्ये तो किंचित उत्तरेस झुकतो. जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेची वाट धरतो. आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तो मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो. एक वर्षभर अशा खुणा केल्या, की त्या मुलांना आपल्या अंगणातले ऊन एखाद्या शेजाऱ्याप्रमाणे ओळखीचे होते.

या ओळखीचा उपयोग लगेच होतो. घराच्या लांब बाजू उत्तरेस आणि दक्षिणेस ठेवाव्यात, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेस. दक्षिणेच्या भिंतीवर छप्पर १ मीटर पुढे आले, तर मार्चच्या व सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्ही त्याची सावली सुमारे ३ मीटर खाली पोहोचते. म्हणजे सारी भिंत सावलीत राहते. त्याच छपराची सावली डिसेंबरात मध्यान्ही सुमारे १.१ मीटरच खाली येते आणि तिच्या खालून थंडीचे कोवळे ऊन खिडकीतून आत येऊन आजीच्या अंथरुणापाशी बसते. तेच छप्पर, तीच खिडकी; पण उन्हाळ्यात आडोसा आणि हिवाळ्यात ऊब. कोणतेही यंत्र न चालवता हे घडते, कारण छपराची लांबी ठरवणाऱ्याने आधी सूर्याची चाल पाहिलेली असते. उत्तरेकडून वर्षातला बहुतेक काळ ऊन न येता नुसता उजेड येतो. म्हणून मुलांच्या अभ्यासाची जागा त्या बाजूच्या खिडकीशी ठेवावी.

राहिली पश्चिम. येथे त्या कुटुंबात वाद होणार, हे ठरलेलेच आहे. वडिलांना वाटते, पश्चिमेस भिंतभर काच लावावी, म्हणजे घरात बसून समुद्र दिसेल. आजी म्हणते, “अरे, समुद्र बघायला काच कशाला हवी? पडवीत जाऊन बस की!” आजीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. काचेतून ऊन आत शिरते, आतल्या वस्तू तापतात आणि ती उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही. शिवाय बंद काच वाऱ्याला अडवते. म्हणजे पश्चिमेचे जे नको ते आत येते आणि जे हवे ते बाहेर राहते. त्याऐवजी पश्चिमेस खोल पडवी ठेवावी. तिच्या आत उघडता-मिटता येणाऱ्या लाकडी झडपांची खिडकी करावी. झडपेच्या तिरप्या पट्ट्यांमधून वारा सरकत आत येतो, पण उन्हाची तिरीप पट्टीवरच थांबते. आणि पाऊस आला, की झडप मिटता येते. पुढे माड असतील, तर ते ठेवावेत. नसतील, तर घराच्या पायाआधी त्यांची रोपे लावावीत, कारण घर दोन वर्षांत उभे राहते, माडाला अधिक काळ लागतो.

वाऱ्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याला येण्याची वाट दिली आणि जाण्याची दिली नाही, तर तो उंबरठ्यावरूनच परततो. म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोर पूर्वेस दुसरी खिडकी हवीच. रात्री जमीन समुद्राहून लवकर निवते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तेव्हा पूर्वेच्या त्याच खिडकीतून तो आत येतो आणि पश्चिमेने बाहेर पडतो. तापलेली हवा वर चढते, म्हणून छपराच्या आढ्याजवळ तिला निसटायला फट ठेवावी. स्वयंपाकघर पूर्वेस असावे. सकाळचे ऊन प्रथम तेथे येते, ओल राहत नाही आणि दिवसा समुद्रावरचा वारा फोडणीचा धूर घरात न पसरवता बाहेर नेतो. जुन्या घराने आईला जो काळोख दिला होता, त्याची भरपाई नव्या घराने घरातली सर्वांत प्रसन्न सकाळ तिच्या वाट्याला देऊन करावी. सकाळी तिच्याबरोबर घरातली इतर माणसेही तेथे कामाला आली, तर अधिकच उत्तम.

घर कशाचे बांधावे, याचाही विचार हवा. खारी हवा लोखंडाची वैरीण आहे. समुद्राची वाळू किंवा खारे पाणी सिमेंटमध्ये मिसळले, तर आतल्या सळया गंजून फुगतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारे खांब काही वर्षांत तडकतात. म्हणून पाणी गोडे आणि वाळूही खारटपणा नसलेली असावी. लॉरी बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि केरळात स्थायिक झालेले स्थापत्यकार होते. १९४०च्या दशकात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घराचे सारे साहित्य पाच मैलांच्या परिसरात मिळावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर जपला आणि विटा, चुना, कौले यांतून स्वस्त, हवेशीर घरे उभी केली. द्रोणागिरीचा काळा दगड आज मनमानेल तसा फोडू नये हे खरे. पण जुन्या पडलेल्या घराचा दगड, जुनी कौले आणि जुने लाकूड पुन्हा वापरण्यास काहीच हरकत नाही. जुन्या वाशाला नव्या घरात जागा मिळाली, तर आजीलाही ते घर परके वाटणार नाही.

असे घर केवळ कल्पनेतच उभे राहते, असे नाही. याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या वाटेवरील नांदगाव येथे बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ या संस्थेने २००७ साली ‘पामायरा हाउस’ नावाचे घर माडांच्या बागेत बांधले. दोन लांबट इमारती समोरासमोर उभ्या आहेत, मध्ये अंगण आहे आणि दोन्हींच्या अंगावर ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा आहेत. घराला पाणी पुरवणाऱ्या विहिरी त्याच जागेत आहेत. झडपांतून चाळून आलेला उजेड आत पसरतो आणि वारा बागेतून घरात व घरातून पुन्हा बागेत जातो. जुन्या वाडीचे आणि जुन्या पडवीचे शहाणपण नव्या रूपात तेथे पाहावयास मिळते.

हे घर सधन माणसाचे आहे, तेव्हा गरिबाने काय करावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बेलापूरला आहे. नवी मुंबईचे एक शिल्पकार चार्ल्स कोरिया यांनी तेथे १९८०च्या दशकात लहान मिळकतीच्या कुटुंबांचाही विचार करून ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ नावाने ओळखली जाणारी वसाहत रचली. सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडली. प्रत्येक घराला स्वतःचे लहानसे अंगण दिले. आणि कोणतीही भिंत दोन घरांची सामाईक ठेवली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे. आपल्या देशाच्या हवेत आकाशाखालची मोकळी जागा हीसुद्धा एक खोलीच आहे, असे कोरिया मानीत. अंगणाला भिंतीइतका खर्च येत नाही आणि तेथे उजेड विकत घ्यावा लागत नाही. लहान घरही अंगणाच्या जोरावर प्रशस्त होते.

जागेचा विचार न करता घरे दिली, तर काय होते, याचाही धडा उरणनेच दिला आहे, आणि तो कडू आहे. येथील शेवा गावाच्या किनाऱ्यावर मोठे बंदर उभारण्याचे ठरले. मे १९८९ मध्ये सुरू झालेले हे जवाहरलाल नेहरू बंदर देशाच्या व्यापाराचे मोठे द्वार ठरले. त्यासाठी शेव्याच्या कोळीवाड्यातील कुटुंबांना १९८०च्या दशकात आपली घरे सोडावी लागली. उरण शहराजवळ त्यांच्यासाठी नवी वस्ती वसवण्यात आली; तिला हनुमान कोळीवाडा असे नाव मिळाले. पण त्या जमिनीत वाळवी होती. तिने दारे पोखरली, चौकटी पोखरल्या, छपराचे वासे पोखरले. माणसांनी डागडुजी करावी आणि वाळवीने ती पुन्हा खावी, असे वर्षानुवर्षे चालले. कित्येक घरे राहण्यास धोक्याची झाली आणि योग्य जागी पुन्हा वसवावे, अशी मागणी ते लोक अनेक वर्षे करीत राहिले. ज्यांच्या पडवीसमोर पिढ्यान्‌पिढ्या समुद्र होता, ज्यांना भरती-ओहोटीची वेळ घड्याळावाचून कळे, त्यांच्या वाट्याला हे आले. घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर एवढाच हिशेब केला, की असे होते. जमिनीला कोणी विचारले नाही, आणि जे तेथे राहणार होते त्यांनी पारखून पसंती देण्याची वाटही पाहिली नाही. सुगरणीच्या मादीला जो हक्क आहे, तो माणसालाही असावयास हवा.

आज उरण झपाट्याने बदलत आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी लोहमार्गही उरण शहरापर्यंत पोहोचला. जेथे पूर्वी मोरा बंदरातून बोटीने मुंबई गाठावी लागे, तेथे आता नव्या इमारती उभ्या राहत आहेत. भातखाचरांवर आणि खाजणांवर भराव पडत आहेत. भरतीचे पाणी सामावून घेणारी खाजणे आणि लाटांचा जोर कमी करणारे तिवर नाहीसे झाले, की ते पाणी दुसरीकडे जागा शोधते. आणि ती जागा बहुधा सखल भागातल्या एखाद्या जुन्या वस्तीची असते. एकाचे घर उजेडात यावे म्हणून दुसऱ्याचे घर पाण्यात जाणे, हा काही न्याय नव्हे. एकाने भिंत इतकी उंच न्यावी की शेजाऱ्याच्या अंगणातली दुपार मावळावी, हेही तसेच. ऊन आणि वारा कोणाच्या सातबाऱ्यावर लिहिलेले नाहीत.

आज शाळेत बसलेली मुले उद्या घरे बांधतील. कोणी गवंडी होईल, कोणी सुतार, कोणी स्थापत्यकार, कोणी गावाचा कारभार पाहील. त्यांच्या हाती नवी साधने असतील आणि नवे साहित्य असेल. तरीही काठीची सावली, पाण्याची वाट आणि वाऱ्याची दिशा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनीच पाहावी लागेल. आणि घर बांधून पुरे झाल्यावर ते जमले की नाही, हे ठरवण्यास मोठ्या परीक्षकाची गरज नाही. वैशाखातल्या एखाद्या दुपारी, चारच्या सुमारास, पंखा आणि दिवा दोन्ही बंद करावेत. घरातल्या आजीला, आतल्या खोलीत बसून, कपाळावरचा घाम न पुसता, सुईत दोरा ओवता आला, तर ते घर जमले म्हणावे.